वागणे अचानक बदलले तर: विकासात्मक दिव्यांग व्यक्तीवरील अत्याचार कसा ओळखावा, तक्रार कशी करावी

समजा, बावीस वर्षांचा एक मुलगा आहे. शब्दांत फारसा बोलत नाही. प्रशिक्षण केंद्राची गाडी आली की धावत जाऊन खिडकीची जागा पकडायचा. आता गाडीचा आवाज आला की पलंगाखाली शिरतो, स्वतःचा हात चावतो. घरचे म्हणतात, "त्याचं असंच आहे, अधूनमधून बिघडतो."

अत्याचार लपतो तो याच वाक्यामागे. स्वमग्नता, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, काहीही असो. निदान गेल्या महिन्यातही तेच होते. बदल आत्ता झाला आहे, म्हणजे मध्ये काहीतरी घडले आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट आढळली. ज्यांना आंघोळीपासून कपड्यांपर्यंत दुसऱ्याचा हात लागतो आणि "सांगितलेलं ऐकायचं" एवढेच शिकवलेले असते, त्यांना "नको" म्हणणे किती कठीण असेल, याचा विचार आपण फार कमी करतो.

१. नेहमीचे वागणे लिहून ठेवा

झोप, भूक, आवडीच्या गोष्टी, कोणाजवळ तो निवांत असतो. ही नोंद आधीपासून असेल तर बदल लगेच दिसतो.

२. खुणा बघा

पडल्याने लागते ते बहुधा गुडघे, नडगी, कपाळ अशा हाडाच्या जागी. कानामागे, मानेवर, दंडाच्या किंवा मांडीच्या आतल्या बाजूला वळ दिसले, बोटांच्या किंवा पट्ट्याच्या आकाराचे व्रण दिसले, तर गप्प बसू नका. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरवू नका. ते डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही.

मारहाणीपलीकडेही बघा. वजन उतरणे, पाठीवर जखमा होणे, औषधाने दिवसभर गुंगीत असणे, खात्यातून पैसे जाणे. व्हीलचेअर किंवा संवादाचा चित्रफलक (चित्रांवर बोट ठेवून म्हणणे सांगायचा फलक) "शिक्षा म्हणून" काढून घेणे हाही अत्याचारच आहे. सांभाळणारी व्यक्ती तुम्हाला त्याला एकट्याने भेटूच देत नसेल, तर तीही खूण समजा. दातदुखी, बद्धकोष्ठता किंवा फिट यांमुळेही वागणे बदलते, म्हणून डॉक्टरांना दाखवा. मात्र संशय दाट असेल तर त्यासाठी तक्रार थांबवू नका.

३. विचारताना घाई करू नका

इथे सर्वांत जास्त चुका होतात, त्याही प्रेमापोटी. शांत जागी बसा. ज्याच्यावर संशय आहे तो खोलीत नको आणि दुभाषा म्हणून तर नकोच. "काय झालं? सांग मला" असे मोकळे विचारा. "अमक्याने मारलं ना?" असे विचारू नका. समोरच्याला बरे वाटावे म्हणून "हो" म्हणण्याची सवय अनेकांना लागलेली असते. तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर पहिले उत्तर चुकले असे वाटून ते उत्तर बदलतात.

चित्रफलक वापरत असेल तर त्यावर "मारलं", "दुखतं", "नको" आणि शरीराच्या सर्व अवयवांची चित्रे आहेत का ते आजच बघा. बऱ्याच फलकांवर फक्त खाणे, पिणे, खेळणे असते; मग सांगायचे कशाने? दुसऱ्याने हात धरून अक्षरांवर बोट नेण्याची पद्धत मात्र कधीच वापरू नका. चाचण्यांत त्यातून येणारे शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले आहेत.

"कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी चूक नाही" म्हणा आणि तिथे थांबा. खोलात जाऊन विचारणे प्रशिक्षित माणसांचे काम आहे.

४. पुरावा जपा

त्याचे शब्द, खाणाखुणा आहेत तशा लिहा. तारीख, वेळ, कोण हजर होते तेही. व्रणांशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते प्लास्टिकमध्ये न बांधता कागदी पिशवीत ठेवा आणि लगेच रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

५. तक्रार करा

जीवाला धोका असेल तर थेट पोलीस. एरवीही पोलीस, मूल असेल तर बालसंरक्षण यंत्रणा, शिवाय दिव्यांगांच्या हक्कांसाठी नेमलेले कार्यालय. घटना संस्थेत घडली असेल तर फक्त प्रमुखांना सांगून थांबू नका. संस्थेची अंतर्गत चौकशी ही पोलीस तक्रारीच्या जागी चालत नाही. सिद्ध करणे तुमचे काम नाही, रास्त संशय पुरतो. संशयिताला आधी जाब विचारू नका. पुरावा नाहीसा होतो आणि त्याचा राग मुलावर निघतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

"याची साक्ष कोण मानणार?" असे कोणी म्हणेल. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील कलम १३ त्यांना न्याय मिळवताना आवश्यक सोयी देण्यास सांगते. ओळखीचे माणूस सोबत, सोपी भाषा, चित्रे, मध्ये विश्रांती या सोयी आग्रहाने मागा. आठवड्यात उत्तर आले नाही तर वरिष्ठांकडे लेखी जा.

चौकशी चालू असताना दूर करायचे ते संशयिताला. मुलाची खोली, मुलाचा दिनक्रम मोडू देऊ नका. आणि तो चित्रफलक झोपतानाही त्याच्या हाताशी असू द्या.