बैठकीत सुचलेल्या कल्पना कामात कशा उतरवायच्या

बचत गट असो, सोसायटीची कमिटी असो, शाळेतले शिक्षक असोत की ऑफिसमधली टीम, दहा माणसं एकत्र बसली की कल्पना सुचतातच. अडतं ते त्याच्या पुढे. दोघं-तिघं बोलत राहतात, बाकीचे माना डोलावतात. कुणी काही नवं काढलं की "हे आपल्याकडे चालायचं नाही" असा शेरा लगेच येतो. शेवटी "बघू पुढच्या वेळी" म्हणत सगळे उठतात आणि पुढच्या वेळी गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवरून सुटते.

यावर एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुचवणं आणि ठरवणं ही दोन कामं एकाच बैठकीत करू नका. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने हे फार छान जमवलं आहे. तिथे अभ्यास गट चालतात. अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, गरज पडली तर बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, उलटसुलट बोलायचं, पण ठराव करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तोही सर्वसहमतीने. अभ्यास गटात कुणाचं म्हणणं पडत नाही की जिंकत नाही, त्यामुळे माणसं मोकळी बोलतात. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क, मिळवणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या गावांत मेंढा-लेखा होतं. त्यामागे अशा चर्चांची वर्षानुवर्षांची सवय होती.

खालच्या पायऱ्या या एका तत्त्वावर उभ्या आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरू: उडदाचे पापड करणारा बारा जणींचा बचत गट. अडचण अशी की पावसाळ्यात पापड वाळत नाहीत आणि चार महिने काम बंद पडतं.

ही अडचण जुनीच आहे. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच उद्योग पुढे 'लिज्जत पापड' झाला. पहिल्या वर्षी पावसाने त्यांचंही काम चार महिने थांबलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. काम सुरू राहिलं. नवनिर्मिती म्हणतात ती बहुतेक वेळा एवढीच साधी असते, पण ती सापडण्यासाठी प्रश्न नेमका कळलेला असावा लागतो.

पायरी १: प्रश्न कागदावर आणा, मग तो तीन-चार प्रकारे विचारून बघा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. अर्धा तास गेला तरी हरकत नाही.

"पावसाळ्यात पापड वाळत नाहीत" ही तक्रार झाली. तिचा प्रश्न करायचा तर सुरुवात "कसं" या शब्दाने करा. ऊन नसताना पापड कसे वाळवता येतील? हा पहिला प्रश्न. यातून स्टोव्ह, पंखा, सोलर ड्रायर अशी उत्तरं येतील. आता जरा मागे सरका आणि विचारा, आपल्याला पापड वाळवायचेत ते कशासाठी? विकायला. विकायचेत कशासाठी? चार महिने हातात पैसा यावा म्हणून. मग दुसरा प्रश्न तयार झाला: जून ते सप्टेंबर गटाला कमाई कशी राहील? याच्या उत्तरात पापड असलाच पाहिजे असं नाही. भाजणी, मेतकूट, सुक्या चटण्या यांना ऊन लागत नाही. तिसरा प्रश्न: मार्च ते मे या काळात वर्षभराचे पापड कसे होतील आणि ते सादळू न देता कसे साठवता येतील?

तिन्ही प्रश्न फळ्यावर लिहा आणि गटाने एक निवडावा. प्रश्न ज्याला रोज भोगावा लागतो त्याला इथे पहिल्यांदा बोलू द्या. गच्चीवर पापड घालणारी आणि पहिला थेंब पडताच धावत वर जाणारी बाई जे सांगेल ते हिशेब ठेवणारीला ठाऊक नसतं.

पायरी २: आधी लिहा, मग बोला

ब्रेनस्टॉर्मिंग हा शब्द अमेरिकेतल्या जाहिरात क्षेत्रातल्या अॅलेक्स ऑसबर्न यांनी रुळवला. त्यांचे चार नियम होते: टीका करू नका, कल्पना भरपूर काढा, वेड्यावाकड्या कल्पनांचं स्वागत करा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. नियम आजही चांगले आहेत. गडबड आहे ती सगळ्यांनी एकदम बोलण्यात. १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासलं गेलं. चौघांनी एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढल्या, त्यापेक्षा एकेकट्या बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज बरीच मोठी निघाली. नंतरच्या अभ्यासांत याचं एक मोठं कारण समोर आलं. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता सुचलेलं निसटून जातं. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. सासूबाई, अध्यक्षबाई किंवा साहेब आधी बोलले की बाकीचे तेवढ्यावरच थांबतात.

म्हणून पहिली १० मिनिटं पूर्ण शांतता ठेवा. प्रत्येकीला कागदाचे लहान चौकोन द्या. एका चौकोनावर एकच कल्पना, नाव लिहायचं नाही.

गटाला हे अंगवळणी पडलं की जर्मनीतल्या बेर्न्ड रोरबाख यांची ६-३-५ पद्धत वापरा. सहा जण गोल बसतात, प्रत्येक जण ५ मिनिटांत ३ कल्पना लिहितो आणि कागद शेजारच्याकडे सरकवतो. शेजारी आधीच्या कल्पना वाचून त्यात भर घालतो किंवा नव्या तीन लिहितो. कागद सगळ्यांच्या हातून फिरला की अर्ध्या तासात १०८ कल्पना होतात. त्यातल्या बऱ्याच पुन्हा पुन्हा आलेल्या असतील, त्याची काळजी नको. आमच्या बारा जणींच्या गटाचे दोन गोल करा.

लिहायला अवघड जाणाऱ्या सदस्या असतील तर जोड्या लावा. एक सांगेल, दुसरी लिहील, आणि जसं सांगितलं तसंच लिहील. स्वतःच्या शब्दांत सुधारून नाही. शाळकरी मुलीला लेखनिक म्हणून बसवलं तरी चालतं.

पायरी ३: कल्पनांना प्रश्न विचारून पुढे ढकला

पहिल्या फेरीतल्या कल्पना सगळ्यांना आधीपासून माहीत असलेल्या असतात. खरं नवं दुसऱ्या फेरीत येतं, पण त्यासाठी काहीतरी टोचणी लागते. ऑसबर्न यांच्या प्रश्नांवरून बॉब एबर्ले यांनी १९७१ मध्ये 'स्कॅम्पर' नावाची यादी बांधली. तिचं आपल्या भाषेतलं रूप असं: यातलं काय बदलून दुसरं घालता येईल? कशाला काय जोडता येईल? दुसरीकडची कोणती रीत इथे आणता येईल? काय मोठं, लहान किंवा वेगळ्या आकाराचं करता येईल? हीच वस्तू आणखी कशाला वापरता येईल? काय काढून टाकता येईल? कशाचा क्रम उलटा करता येईल?

सातही प्रश्न विचारत बसू नका. दोन-तीन निवडा. माझा सगळ्यात आवडता प्रश्न "काय काढून टाकता येईल?" हा आहे. आमच्या उदाहरणात अडचणीची पायरी वाळवण्याची आहे. तीच काढली तर काय उरतं? उडदाचं पीठ भिजवून, कुटून, तेलाचा हात लावून केलेल्या लाट्या. आणि पापड लाटायला बसलेल्या घरात लाट्या किती उरतात ते सगळ्यांना माहीत आहे! तेलात बुडवून लाटी खाण्यासाठी मुलं पोळपाटाभोवती घुटमळतात. शहरातल्या घरांत आता पापड कुणी लाटत नाही, पण लाटीची आठवण आणि हौस दोन्ही आहेत. मग पावसाळ्यात लाट्याच विकल्या तर? ऊन नको, गच्ची नको, उन्हाळ्यात वापरलेला कच्चा माल तोच.

ही कल्पना चालेलच असं मी म्हणत नाही. पण वाळवायचं कसं यावर तासभर डोकं खाजवूनही ती आली नसती.

पायरी ४: चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि जुळवा

सतरंजीवर सगळे चौकोन पसरा. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी नेपाळमधल्या आपल्या क्षेत्रकार्याच्या ढीगभर नोंदी लावताना जी रीत बसवली ती 'केजे पद्धत' म्हणून जगभर गेली. आधी ठरलेले कप्पे करायचे नाहीत. ज्या चिठ्ठ्या एकमेकींजवळ असाव्यात असं वाटतं त्या जवळ सरकवायच्या आणि ढीग तयार झाल्यावर त्याला नाव द्यायचं. एकटी पडलेली चिठ्ठी जबरदस्तीने कुठल्या ढिगात कोंबू नका. तिलाच पुढे महत्त्व येऊ शकतं.

इथे पहिली बैठक संपवा. ढिगांचे फोटो काढून ग्रुपवर टाका आणि चार-पाच दिवस जाऊ द्या. या मधल्या दिवसांत लोक घरी बोलतात, दुकानदाराला विचारतात, आणि दुसऱ्या बैठकीला माहिती घेऊन येतात.

पायरी ५: निवड गुपचूप करा

दुसऱ्या बैठकीत प्रत्येकीला राजम्याचे तीन दाणे द्या. ढिगांपुढे वाट्या ठेवा, त्यांवर झाकण म्हणून कागद. हवे तिथे दाणे टाकायचे, तिन्ही एकाच वाटीत टाकले तरी चालतील. हात वर करून मत घेतलं तर लोक आधी इकडेतिकडे बघतात. मोजणी झाल्यावर पहिल्या दोन कल्पनांवरच चर्चा करा आणि गटातल्या सर्वात वजनदार व्यक्तीने शेवटी बोलायचं, हा नियम आधीच सांगून ठेवा.

पायरी ६: अपयश आधीच घडवून बघा

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही युक्ती आहे. गटाला सांगा: "आता दिवाळी आली आहे. आपण जूनमध्ये सुरू केलेला लाट्यांचा उद्योग पार बुडाला. का बुडाला ते लिहा." "काही अडचण येईल का?" असं विचारलं तर भिडेखातर कुणी बोलत नाही. बुडालाच असं गृहीत धरलं की कारणं भराभर येतात: लाट्यांना बुरशी आली. दुकानदाराने फ्रिजमध्ये जागा दिली नाही. पाकिटावर तारीख नव्हती. अन्नपदार्थाची नोंदणी फक्त पापडाची होती. पैसे महिनाभर अडकले. यातली तीन कारणं निवडा. पुढचा प्रयोग त्यांचीच परीक्षा घेण्यासाठी करायचा.

पायरी ७: पंधरा दिवसांत संपेल एवढा लहान प्रयोग

मोठी कल्पना लहान करता येणं हे मला सगळ्यात मोलाचं कौशल्य वाटतं. एका कागदावर पाच ओळी लिहा: काय करणार, कोण करणार, किती पैशात, कधीपर्यंत, आणि काय दिसलं तर थांबणार. "कोण"च्या पुढे "सर्व सदस्या" लिहू नका, एकीचंच नाव लिहा.

लाट्यांचा प्रयोग असा होईल. अर्धा किलो पिठाच्या लाट्या करून सहा पाकिटं भरा. तीन फ्रिजमध्ये, तीन बाहेर. एकाच व्यक्तीने रोज ठरलेल्या वेळी वास, चिकटपणा आणि पांढरट डाग बघून वहीत नोंद करायची. त्यातली काहीही विकायची नाहीत. लाटी किती दिवस टिकते हे नक्की कळल्यावरच ओळखीच्या पाच-सहा घरांना ताजी पाकिटं द्या आणि पैसे घेऊनच द्या. फुकट दिलेल्या वस्तूला सगळेच छान म्हणतात. आठवड्याने त्यातल्या किती घरांनी स्वतःहून पुन्हा मागितली, तो आकडा बघा.

वस्तू वापरणाऱ्याच्या हातात देऊनच तपासायची असते. गडचिरोलीतच गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता की बाळाला न्यूमोनिया आहे का हे गावातल्या दाईला कसं कळावं. त्यासाठी एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात आणि ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत त्यांना ते जमेना. मग एक साधं साधन तयार झालं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि बाळाच्या वयानुसार मण्यांच्या वेगवेगळ्या रांगा. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता येणं पुरेसं झालं. साधन माणसाच्या मापाने बेतलं गेलं.

पायरी ८: वही उघडा आणि ठरवा

पंधरा दिवसांनी बैठक घ्या. वहीतल्या नोंदी मोठ्याने वाचा आणि मगच मतं मांडा. पुढे तीनच वाटा आहेत: वाढवा, बदलून पुन्हा करा, किंवा थांबवा. थांबवायचं ठरलं तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर कल्पना अर्धवट लोंबकळत राहते आणि पुढच्या वेळी कुणी नवं काही सुचवायला धजत नाही. कल्पना जिच्या चिठ्ठीतून आली ती पुढे यायला तयार असेल तर तिचं नाव इतिवृत्तात घाला. चिठ्ठ्या निनावी असल्या तरी श्रेय निनावी राहू नये.

मागे पडलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. एका पाकिटात घालून वहीला जोडा आणि वर्षातून दोनदा, वाळवणाच्या हंगामाआधी फेब्रुवारीत आणि पावसाआधी मे अखेरीस, त्या पुन्हा सतरंजीवर पसरायच्या तारखा आत्ताच लिहून ठेवा.