चळवळीसाठी लोकवर्गणी उभी करताना

वस्तीतील पाण्यासाठी, रेशनसाठी किंवा किमान वेतनासाठी लोकांना संघटित करणाऱ्या गटाने वर्गणीला बाहेर पडण्यापूर्वी वर्षाचा खर्च कागदावर मांडावा. पत्रके, मोर्चाचा टेम्पो, तहसील कचेरीचे हेलपाटे हे खर्च सर्वांना आठवतात. पूर्णवेळ कार्यकर्त्याचे मानधन मात्र उरल्यासुरल्या पैशांत बसवले जाते आणि संसाराची ओढाताण सोसेनाशी झाली की तो नोकरी धरतो. म्हणून मानधनाची रक्कम यादीत सर्वांत वर लिहावी. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीला हातभार लावला, तो अशा कार्यकर्त्यांना निधीच्या व्याजातून मानधन मिळावे यासाठीच.

वर्गणीचा दर सर्वांत गरीब घराला झेपेल इतकाच ठरवावा, पण ती सर्वांकडून घ्यावी. २०० घरांनी महिना १० रुपये दिले तर वर्षाला २४,००० रुपये जमतात. एवढीच रक्कम एखादा नगरसेवक एका दिवसात देईल; मात्र पुढच्या मोर्चात घोषणा कोणाविरुद्ध द्यायच्या, हेही मग तोच ठरवू लागेल. रोख नसेल तेथे धान्य घ्यावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेला गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य मिळत असे, आणि अंताजी दामोदर काळे यांच्या, लोकांकडून पैसा-पैसा वर्गणी गोळा करणाऱ्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. वर्गणी पगाराच्या आठवड्यात किंवा सुगीनंतर मागावी आणि मागायला दोघांनी मिळून जावे. दारात होणारे बोलणे हेच संघटनेचे खरे काम असल्याने या फेरीची घाई करू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या मराठी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही. त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र विदेशी देणग्यांसंबंधीच्या २०१० च्या कायद्याखालील नोंदणी वा परवानगी नसताना ती स्वीकारू नये.

पैसे संघटनेच्या खात्यात, दोन सह्यांच्या व्यवहाराने ठेवावेत आणि १० रुपयांचीही पावती फाडावी. दर महिन्याच्या बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचावा, कारण फलकावर लावलेला हिशेब निरक्षर सभासदाच्या काहीच उपयोगाचा नसतो. पावतीपुस्तकाची स्थळप्रत जपून ठेवावी आणि ज्या घराची वर्गणी सलग तीन महिने आलेली नाही, तेथे तगाद्यासाठी नव्हे, तर काय बिनसले हे विचारण्यासाठी जावे.