सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर ओएस टाकताय? या चुका टाळा

सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणजे एकाच सर्किट बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर. तो बूट झाला नाही, म्हणजे ओएस सुरू झाली नाही, की बहुतेक जण लगेच मेमरी कार्ड काढून पुन्हा फ्लॅश करतात, म्हणजे त्यावर ओएसची इमेज (तयार फाइल) पुन्हा लिहितात. मग दुसरी इमेज, मग तिसरी. इमेजचा दोष मात्र फार क्वचित असतो. रास्पबेरी पायसारख्या बोर्डावर ओएस नीट बसत नसेल तर आधी वीज, कार्ड आणि इमेज कोणत्या मॉडेलची आहे, हे तपासा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. अ‍ॅडॉप्टर, कार्ड, इमेज असं सगळं एकदम बदलून बोर्ड चालू झाला, तरी नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच घोळ होतो.

मोबाईलच्या चार्जरवर भिस्त

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच. ५ व्होल्टला पाय ३ (रास्पबेरी पायचं तिसरं मॉडेल) साठी २.५, पाय ४ साठी ३ आणि पाय ५ साठी ५ अँपिअर देणारा अ‍ॅडॉप्टर लागतो. यावर ठरलेलं उत्तर येतं, "पण माझा चार्जर तर ३३ वॅटचा आहे!" असू दे. फास्ट चार्जरवरचा मोठा आकडा ९ व्होल्ट किंवा त्याहून जास्त व्होल्टेजचा असतो. बोर्ड मागतो ५ व्होल्ट, आणि तिथे तोच चार्जर बहुधा २ ते ३ अँपिअरवर थांबतो. लॅपटॉपच्या ६५ वॅटच्या टाईप-सी अ‍ॅडॉप्टरचंही तेच. ५ व्होल्टला तो साधारण ३ अँपिअरच देतो. त्यावर पाय ५ चालू होतो खरा, पण सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो. ओएस यूएसबीला जोडलेल्या एसएसडीवर टाकली असेल तर इथेच गाडं अडतं.

अ‍ॅडॉप्टर योग्य असूनही केबल लांब आणि बारीक असेल तर बोर्डापर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडतं. ते साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह उमटतं. स्क्रीन जोडलेली नसेल तर कर्नलच्या (ओएसच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड' अशी ओळ सापडते. डेस्कटॉप दिसतोय ना, मग चाललंय, असं म्हणून या इशाऱ्याकडे काणाडोळा करू नका. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज कमी पडली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते, आणि खापर फुटतं ओएसवर.

'व्हेरिफाय' झालं म्हणजे कार्ड चांगलं, हा गैरसमज

इमेज लिहून झाल्यावरची पडताळणी वगळू नका, पण तिची मर्यादाही ओळखा. ती फक्त लिहिलेले काही जीबी तपासते. बनावट कार्ड स्वतःला ६४ जीबी म्हणवतं आणि आत जागा ८ जीबीचीच असते. अशा कार्डावर फ्लॅशही होतं, व्हेरिफायही होतं, पहिलं बूटही होतं. पुढे अपडेट आणि पॅकेजेस टाकता टाकता खरी जागा संपते आणि फाइली गायब व्हायला लागतात. म्हणून नवं कार्ड आधी पूर्ण भरून तपासा. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हे प्रोग्रॅम हेच काम करतात. वेळ लागतो, पण एकदाच.

फ्लॅश झालेलं कार्ड विंडोजला जोडलं की 'फॉरमॅट करायचं का?' असा प्रश्न येतो. कार्ड बिघडलेलं नसतं. त्यावरचं ईएक्सटी४ पार्टिशन (लिनक्सच्या पद्धतीने मांडलेला भाग) विंडोजला वाचता येत नाही, एवढंच. 'कॅन्सल' दाबा. 'हो' म्हटलंत तर ओएस गेली.

इमेज कोणाची, बोर्ड कोणता

पहिला पाय, झीरो आणि झीरो डब्ल्यू यांचा प्रोसेसर एआरएमव्ही६ या जुन्या ३२ बिट प्रकारचा आहे. त्यांच्यावर ६४ बिट इमेज कधीच चालणार नाही. पाय ५ ला बुकवर्म ही आवृत्ती (ऑक्टोबर २०२३) किंवा त्यानंतरची रास्पबेरी पाय ओएस हवी, म्हणजे जुन्या बोर्डातलं कार्ड काढून त्यात खोचून भागणार नाही. ऑरेंज पाय आणि बनाना पाय यांच्या नावात 'पाय' असला तरी चिप आणि बूटलोडर (ओएस सुरू करून देणारा प्रोग्रॅम) वेगळे आहेत. आर्मबियनसुद्धा (अशा बोर्डांसाठीची लिनक्स ओएस) प्रत्येक बोर्डासाठी वेगळी इमेज देतं, तेव्हा मॉडेलचं पूर्ण नाव पाहूनच डाउनलोड करा.

पायवरचा हिरवा दिवा पुन्हा पुन्हा ४ वेळा लुकलुकत असेल तर बूटची स्टार्ट फाइल सापडत नाहीये, ७ वेळा असेल तर कर्नल. दोन्ही वेळा आधी इमेज योग्य आणि पूर्ण लिहिली आहे का ते पाहा. पुन्हा फ्लॅश करायची वेळ ही.

स्क्रीनशिवाय सेटअप, जुन्या लेखांवरून

रास्पबेरी पाय ओएसमधलं 'पाय' हे ठरलेलं युजरनेम आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड एप्रिल २०२२ मध्येच काढून टाकले गेले. वायफायची माहिती डब्ल्यूपीए सप्लिकंट या वायफाय जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये लिहून बूट पार्टिशनवर टाकायची युक्तीही बुकवर्मपासून चालत नाही, कारण तिथे वायफाय सांभाळायला नेटवर्क मॅनेजर आला. युजर, एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने लॉगिन करायची सोय) आणि वायफाय हे सगळं रास्पबेरी पाय इमेजर या कार्ड फ्लॅश करायच्या प्रोग्रॅममध्ये फ्लॅश करण्याआधीच भरा. वायफायचा देश निवडायला विसरू नका. शिवाय ३बी, झीरो डब्ल्यू आणि झीरो २ डब्ल्यू यांना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नाही, पासवर्ड कितीही बरोबर असो.

किरकोळ पण छळणाऱ्या गोष्टी

पहिल्या बूटला पार्टिशन वाढवून बोर्ड स्वतःच रीस्टार्ट होतो, तेव्हा 'अडकला' समजून वायर उपटू नका. पाय ४ वर एकच मॉनिटर असेल तर तो पॉवरच्या पोर्टाजवळच्या एचडीएमआयला लावा. नव्याने ओएस टाकल्यावर एसएसएच 'होस्टची ओळख बदलली' म्हणून ओरडतं. ते अपेक्षितच आहे, तुमच्या कॉम्प्युटरवरची त्या बोर्डाची जुनी की (ओळखीची चावी) तेवढी काढून टाका. आणि अपडेट करताना 'रिलीज फाइल अजून वैध नाही' असा एरर आला तर आधी तारीख पाहा. पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत स्वतःचं घड्याळ नाही, इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत ते मागेच असतात.