पाणबुडी झेपेल का? आधी घरीच बघा
दाबोळीला नेव्हीची विमानं बघून फोंड्याची पोरं म्हणतात नेव्हीत जाणार, ठीक आहे, पण पाणबुडी हे वेगळंच प्रकरण आहे बाबा. तिथे नाव स्वतःहून द्यावं लागतं, म्हणून आधी नीट विचार करा.

कलवरी क्लासची (आपल्या नेव्हीतला पाणबुडीचा एक प्रकार) पाणबुडी साधारण 67 मीटर लांब, आत चाळीसेक माणसं, खिडकी नाही, ऊन नाही, पाण्याखाली असताना मोबाईल नाही, गोडं पाणी मोजून. एक सुट्टीचा दिवस फोन बंद करून छोट्या खोलीत चार जणांबरोबर काढा, आंघोळ एका तांब्यात उरका, आणि संध्याकाळी कुणावर खेकसलात का ते आठवा. खरी परीक्षा हीच, धावणं-पोहणं सरावाने जमतं.

चवथीला गणपतीवर माटोळी (फळाफुलांची टांगलेली सजावट) बांधायला तुम्ही नसणार हे आईला आताच सांगून बघा, तिच्यापेक्षा तुम्हालाच जड गेलं तर विचार करा.

ट्रेनिंग विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनवर, म्हणजे नेव्हीच्या पाणबुडी शाळेत, बुडालेल्या पाणबुडीतून बाहेर पडायचा सरावही असतो. डॉल्फिनचा बॅज, म्हणजे पाणबुडीवाल्याची खूण, मिळवायला स्वतःच्या कामापलीकडची यंत्रणाही शिकावी लागते, त्यामुळे 'ते माझं काम नाही' म्हणायची सवय असेल तर राहू द्या.