ओव्हरक्लॉक करताना प्रोसेसरचे व्होल्टेज कसे ठरवावे (विदर्भातला उन्हाळा धरून)

खेड्यात व्होल्टेज म्हटले की आधी डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) आठवते. ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या की घरातली लाइन उतरते, आणि कॉम्प्युटर अडकला तरी खापर तिच्यावरच फुटते. प्रोसेसरचे व्होल्टेज मात्र निराळे. घरातले २३० व्होल्ट एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमध्ये) १२ व्होल्ट डीसी होतात आणि मदरबोर्डवरचे व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज उतरवणारे सर्किट, ते एक-सव्वा व्होल्टपर्यंत उतरवून प्रोसेसरला देते. हेच व्हीकोर. स्टॅबिलायझर घेतल्याने ते सुधारत नाही.

आधी आपला प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो का, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा (क्लॉकपेक्षा) जास्त पळवता येतो का, ते पाहा. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन लॉक नसतात, पण ए३२०, ए५२० अशा स्वस्त बोर्डांवर जमत नाही.

मग बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट करा, ही पायरी गाळू नका. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजने खराब होत होते. ऑगस्ट २०२४ मधल्या मायक्रोकोडने (बायोस अपडेटसोबत येणाऱ्या प्रोसेसरच्या सूचनांनी) त्यांची मागणी १.५५ व्होल्टवर अडवली. अपडेट मात्र यूपीएसवरच आणि भारनियमनाची वेळ टाळून करा. अर्ध्यात लाइन गेली तर बोर्डच बसतो.

आता काहीही न बदलता सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण कामाचा ताण, म्हणजे लोड, टाकणारा चाचणीचा प्रोग्राम) अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तीन आकडे पाहून कागदावर लिहा: लोडखालचे व्हीकोर, लोडखालचा क्लॉक आणि प्रोसेसरचे तापमान. खोलीचे तापमानही लिहा. रायझन ५००० हलक्या कामात १.४ व्होल्टच्या वर दाखवतो, त्याने घाबरू नका. पण तो आकडा क्षणाक्षणापुरता असतो. सगळ्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांवर) तोच कायमचा लावायचा नाही.

बायोसमध्ये व्हीकोर ऑटोवरून मॅन्युअलवर आणा. ऑटोवर ठेवून मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) वाढवला तर बरेच बोर्ड गरजेपेक्षा जास्तच व्होल्टेज देतात. लोडखाली लिहिलेले व्होल्टेज आणि तोच क्लॉक भरून सुरुवात करा, मग क्लॉक १०० मेगाहर्ट्झने वाढवा आणि पुन्हा चाचणी घ्या. विंडोज निळ्या स्क्रीनवर ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ दाखवून पडली तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडलेले असते, ०.०१ ते ०.०२ व्होल्ट वाढवा, एकदम ०.१ नाही. लोड आल्यावर व्हीकोर थोडे खाली येतेच. ते सावरणारे लोड-लाइन कॅलिब्रेशन मधल्या पातळीवर ठेवा. शेवटच्या पातळीला लोड सुटताना व्होल्टेज उसळते.

इतके जपायचे कारण हिशेबात आहे. वीजखप क्लॉकच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ४ गिगाहर्ट्झवरून ४.५ वर जाताना १.२० चे १.३५ व्होल्ट केले, तर वेग साडेबारा टक्के वाढतो आणि खप सुमारे ४२ टक्के. तो सगळा उष्णता होऊन बाहेर पडतो.

आणि इथे आपला मे महिना आडवा येतो. प्रोसेसरवरचा उष्णता काढणारा हीटसिंक त्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना प्रोसेसर ७२ ला थांबत असेल, तर टिनाच्या छपराखाली ४२ अंशांत तोच प्रोसेसर ९२ च्या आसपास जाईल. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांदरम्यान स्वतःच वेग कमी करतात, म्हणजे केलेले ओव्हरक्लॉकिंग पाण्यात. म्हणून थंडीत ७० च्या पुढे जाणारे सेटिंग मी तरी पक्के धरणार नाही. खोलीतल्या पाण्याच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका, तिच्यासोबत पाण्याचे थेंबही येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत हीटसिंकमध्ये रुई अडकते, ती ब्रशने काढा.

बायोसमध्ये दोन प्रोफाइल जपा: एक हिवाळ्याचे, दुसरे नवतप्याचे (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांचे). दुसऱ्यात क्लॉक कंपनीचाच आणि व्होल्टेजला उणे ०.०५ चा ऑफसेट, म्हणजे नेहमीपेक्षा तेवढे व्होल्ट कमी. तोही चाचणी घेऊनच ठेवा. बदलानंतर मशीन सुरूच झाले नाही तर वायर काढा, बोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटे बाहेर ठेवा आणि परत बसवा. सेटिंग मूळपदावर येते.