अपघातांच्या डेटावर काम सुरू करताय? आधी कलमवाढ (गुन्ह्यात नंतर वाढवलेलं कलम) बघा

सातारा-सांगलीकडची बरीच पोरं हल्ली एमटेकला रोड सेफ्टी घेतायत, चांगलंय. ब्लॅकस्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, व्याख्या पाठच असेल, 500 मीटरचा पट्टा, 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे 5 अपघात नाहीतर 10 मृत्यू, ते परत सांगत बसत नाही.

माझं डोकं कुठं फिरलं ते सांगतो. समजा उंब्रजजवळ रात्री बाईकवाला उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला, ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, सीझनला हे चालतंच. गुन्हा दाखल होतो तेव्हा माणूस जिवंत असतो, म्हणून लागतं भारतीय न्याय संहितेचं 125(बी), गंभीर दुखापत. मग त्याला मिरजेला नाहीतर पुण्याला हलवतात आणि आठवड्याने तो जातो. अकस्मात मृत्यूची नोंद होते हॉस्पिटलच्या हद्दीतल्या ठाण्यात, कागद फिरत फिरत मूळ ठाण्यात येतात, तेव्हा कुठं तपासी अंमलदार 106(1), निष्काळजीपणाने मृत्यू, वाढवतो. तुम्ही एक्सेल त्याआधीच काढली असेल तर तुमच्या नकाशावर तो माणूस अजून जिवंतच आहे! अपघातानंतर 30 दिवसांत गेला तर तो मृत्यू रस्ते अपघातातच धरायचा असतो, हे सगळ्यांना माहिती असतं पण तपासत कोण नाही.

गंमत म्हणजे 5 अपघातांच्या निकषाला काही धक्का लागत नाही, कारण गंभीर आणि मृत्यू दोन्ही त्यात धरतात, म्हणून वाटतं सगळं बरोबर आलंय. मार बसतो तो 10 मृत्यूंच्या निकषाला आणि सिव्हिरिटीला, म्हणजे शंभर अपघातांमागं किती मेले त्याला. उलट मिरजेच्या अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरमध्ये कुठलीकुठली माणसं दिसतात, ती तिथल्या रस्त्यावर मेलेली नसतात. गुन्हा नंबर आणि अकस्मात मृत्यू नंबर हाताने जुळवा, कंटाळवाणं आहे, इलाज नाही. आणि 1 जुलै 2024 च्या आधीचे गुन्हे जुन्या भारतीय दंड संहितेच्या 304-अ मध्ये आहेत, नुसता 106 चा फिल्टर लावाल तर जुने मृत्यू गायब.

हीटमॅपचं लय वेड असतं सगळ्यांना. अंमलदाराने अपघात नोंदवायच्या ॲपमध्ये माहिती ठाण्यात बसून भरली असेल तर पिन ठाण्यावरच पडते, मग तुमचा सगळ्यात लाल ठिपका पोलीस स्टेशन! घटनास्थळ पंचनामा वाचा राव. माझं स्पष्ट मत, कॉलेजच्या गाईडपेक्षा जुना ठाणे अंमलदार जास्त शिकवतो, फक्त चहाच्या वेळेला जा.

घाबरू नका पण, एका तालुक्याचं नीट जुळलं की पुढचं पटापट होतं. राज्याच्या आकड्यावरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. 2022 मध्ये महाराष्ट्रात 33,383 अपघात आणि 15,224 मृत्यू, म्हणजे शंभराला 45 च्या वर, देशात तेच 36 च्या आसपास. आपल्याकडं किरकोळ धडका जागेवरच मिटवतात, त्या नोंदीत येतच नाहीत, त्यानेही हा आकडा फुगतो. व्हायव्हाला हे विचारतातच.