कॉफीत रोल धुवायचा, तोही मुंबईच्या उकाड्यात

कॅमेऱ्याचा ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रोल घरी धुवायला विकतचं डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, पाहिजेच असं काही नाही, इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी एवढ्यावर भागतं. याला कॅफेनॉल म्हणतात. १९९५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॉफी आणि सोड्यावर हे करून दाखवलं, व्हिटॅमिन सी त्यात नंतर आलं आणि त्यानेच वेळ कमी झाला. रेसिपी नेटवर ढिगाने आहेत पण सगळ्या थंड देशातल्या, नळाला २० डिग्रीचं पाणी येतं असं धरून चाललेल्या. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला अर्धं तापवलेलंच येतं, त्यामुळे खरी मेहनत कॉफीची नाही, पाण्याची आणि दमटपणाची आहे.

आधी सामान. कॉफी स्वस्तातली घ्या, फिल्टरची भारी पावडर यात वाया घालवू नका. काम कॅफीन करत नाही, कॉफीतलं कॅफेइक ॲसिड करतं आणि ते साध्या रोबस्टा इन्स्टंटमध्ये भरपूर असतं. फक्त पाकिटावर मागे वाचा, आपल्याकडच्या बऱ्याच इन्स्टंट कॉफीत चिकोरी मिसळलेली असते, बिनचिकोरीची घ्या म्हणजे दर वेळी रिझल्ट सारखा येतो. व्हिटॅमिन सी म्हणजे शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर, चघळायच्या नारिंगी गोळ्या नकोत, त्यात साखर आणि रंग असतो.

सोड्यावर मात्र जरा थांबा कारण गडबड इथेच होते. खाण्याचा सोडा चालत नाही, तो पुरेसा अल्कली नसतो, रोल जवळजवळ कोरा निघेल. पाहिजे तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि त्यातही पांढरी कोरडी पावडर. वाण्याकडे काचेसारखे खडे मिळाले तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, मग सोडा साधारण २.७ पट घ्यावा लागतो. उगाच हिशेब नको असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलच्या दुकानात जाऊन ॲनहायड्रस, म्हणजे बिनपाण्याचा, मागा, व्हिटॅमिन सी पण तिथेच बघा. टँक (रोल धुवायचा बंद डबा), रील (त्यात फिल्म गुंडाळायची चकती), फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) यासाठी फोर्टात बोरा बाजारला एक चक्कर मारा.

एका ३५ एमएम रोलला प्लास्टिकच्या टँकमध्ये ३०० मिली लागतं. त्याचं माप: सोडा १६ ग्रॅम, व्हिटॅमिन सी ५ ग्रॅम, कॉफी १२ ग्रॅम. ४०० स्पीडचा रोल असेल तर ३ ग्रॅम आयोडीनचं मीठ पण टाका, नाहीतर फॉग, म्हणजे सगळ्या फिल्मवर राखाडी झाक, चढतो. चमच्याने मोजू नका, ग्रॅमचा काटा पाहिजेच.

आधी सोडा पूर्ण विरघळू द्या, पाणी थोडं गरम होईल, ते नॉर्मल आहे. मग व्हिटॅमिन सी, फसफसेल, फसफस थांबू द्या. मग मीठ, शेवटी कॉफी. वास भयंकर येतो, घरचे विचारणारच काय जळतंय, खिडकी उघडी ठेवा आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी हा उद्योग करू नका. पाच मिनिटं ठेवलं की बुडबुडे बसतात. बनवलेलं तासाभरात वापरून टाका, उद्यासाठी ठेवून उपयोग नाही.

आता टेंपरेचर. पातेल्यात बर्फाचं पाणी घ्या आणि डेव्हलपरची बाटली त्यात ठेवा, बर्फ थेट डेव्हलपरमध्ये नको, पातळ होतं. २० डिग्रीला १५ मिनिटं हे मूळ गणित. पण आपल्याकडे २० ला आणून टिकवणं म्हणजे फ्रीजर रिकामा करणं, त्यापेक्षा २४ ला थांबा आणि साडेदहा-अकरा मिनिटं द्या. फिक्सर आणि धुवायचं पाणी पण त्याच्याच आसपास ठेवा, एक थंडगार आणि एक कोमट असं केलं तर इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराला, सुरकुत्या पडू शकतात.

रोल रीलवर चढवायचं काम रात्री करा. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांतून समोरच्या बिल्डिंगचा लाइट येतोच, त्यामुळे चेंजिंग बॅग, म्हणजे आत हात घालून काम करायची प्रकाशबंद पिशवी, बरी. पण बॅगेत हातांना घाम सुटतो आणि ओलसर प्लास्टिक रीलवर फिल्म अडकते, मग ओढाताण सुरू. रील आधी हेअर ड्रायरने खणखणीत कोरडी करा, हात पुसा, आंघोळीनंतर लगेच तर अजिबात नको.

टँकमध्ये डेव्हलपर ओतल्यावर पहिली ३० सेकंद सलग उलटसुलट, मग दर मिनिटाला तीनदा, दर वेळी टँक हलकेच आपटा. वेळ झाली की ओतून दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा, डेव्हलपरचं काम थांबवणारा वेगळा स्टॉप बाथ लागत नाही. फिक्सर मात्र खराच लागतो, कॉफी फिक्स करत नाही. कापलेला लीडर, म्हणजे रोलच्या सुरुवातीचा तुकडा, फिक्सरमध्ये टाकून किती वेळात पारदर्शक होतो बघा, त्याच्या दुप्पट वेळ द्या. फिक्सरची भांडी स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत हे आधीच ठरवा, आणि वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते, बाटलीत साठवून एखाद्या लॅबला घेता का विचारा.

नळ सोडून अर्धा तास धुवायची गरज नाही, पाणीकपातीत तर नाहीच. टँक भरा आणि ५ वेळा उलटवा, ओता, परत भरून १०, मग २०. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचा (पाणी थेंब न राहता निथळावं म्हणून घालायचं द्रव) एखादा थेंब, नाहीतर डाग. पंखा बंद करून लटकवा, पावसाळ्यात रात्रभर लागली तरी घाई नको.

निगेटिव्हवर तपकिरी झाक असते, स्कॅनला काही फरक पडत नाही. निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट आली तर पुढच्या रोलला एक-दोन मिनिटं वाढवा, सगळीकडे राखाडी फॉग दिसला तर वेळ तशीच ठेवून आधी मीठ घातलं होतं का ते बघा.